जलाशयातील मासेमारीसाठी मध्यम आकाराची अ‍ॅल्युमिनियमची होडी : निवड आणि आतील मांडणी

(शिरूर व दौंड तालुक्यांतील गावपातळीवरील कार्यकर्ते आणि मासेमारी करणारे शेतकरी यांच्यासाठी)

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना पाण्यानेच एकमेकांशी बांधले आहे. घोड नदी शिरूर गावावरून वाहत येते, चिंचणीच्या धरणात अडते आणि पुढे भीमेस मिळते. मुळा-मुठेचे पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते. दौंड शहर ओलांडल्यावर राजेगाव, खानोटा, वाटलूज या गावांच्या बाजूला भीमेचा प्रवाह मंदावतो आणि उजनी धरणाचा फुगवटा सुरू होतो. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. तोपर्यंत या भागातील मासेमारी मुख्यतः डोहांची होती. भोई समाजातील कुशल माणूस काठावर किंवा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून फेकजाळे टाकीत असे आणि त्याला होडीची गरज क्वचितच पडत असे. फुगवट्याने हा प्रकार बदलला. जाळे आता काठापासून दूर, खोल आणि उघड्या पाण्यात लावावे लागते. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांपैकीही कित्येकांनी मासेमारी पत्करली. या साऱ्यांच्या उपजीविकेचे पहिले साधन जाळे असले तरी त्यांच्या प्राणांचे साधन होडीच आहे.

ही गोष्ट अतिशयोक्तीची नाही. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने एक प्रवासी बोट उलटली. तीत सहा माणसे बुडाली आणि एकच माणूस पोहत काठाला लागला. ती बोट मासेमारीची नव्हती. परंतु जो वारा तिला लागला, तोच वारा वैशाखातील प्रत्येक दुपारी जाळे ओढणाऱ्या माणसालाही लागू शकतो. यास्तव होडी घेताना ती किती लांब आहे व किती स्वस्त आहे, एवढे दोनच प्रश्न विचारण्याची जी रीत पडली आहे, ती सोडून देणे अवश्य आहे.

पाणी कसे आहे ते आधी पाहावे

एकाच तालुक्यातील दोन गावांना एकच होडी सोयीची पडेल असे नाही. घोड व कुकडीच्या पात्रांत खडक बराच आहे. निघोज आणि टाकळी हाजी यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. अशा ठिकाणी होडीचा तळ वारंवार दगडावर घासतो. चिंचणीच्या जलाशयाचा विस्तारही उजनीच्या मानाने लहान असल्यामुळे वाऱ्याला तेथे लांब धाव मिळत नाही व लाट बेताची उठते.

दौंडच्या पूर्व भागात याच्या उलट स्थिती आहे. तेथे तळाशी गाळ आहे, पाणी उथळ पण पसरट आहे, आणि पूर्वेकडे जावे तसतसे ते रुंद होत जाते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. उन्हाळ्यात पाणी या मृतसाठ्यातही उतरते. तेव्हा काठ दूर सरकतो आणि होडी चिखलातून ओढीत न्यावी लागते. बुडालेली झाडे, विहिरींचे कठडे, जुन्या वस्त्यांच्या भिंती वर येऊ लागतात. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे प्राचीन मंदिर अशाच वेळी पाण्याबाहेर दिसते. ते पाहावयास लोकांची गर्दी होते, पण मंदिर पूर्ण दिसण्याच्या आधी पाण्याच्या किंचित खाली दडलेला दगड होडीला अधिक धोक्याचा असतो. भीमेच्या पात्रात वाळूच्या उपशाने पडलेले खड्डे ही आणखी एक अडचण आहे. कमरेइतक्या पाण्यात टेकत असलेला बांबू एकाएकी टेकेनासा होतो आणि त्यावर भार टाकलेला माणूस तोल जाऊन पाण्यात पडतो.

याशिवाय पुण्याकडून येणारी जलपर्णी आहेच. तिचा विचार इंजिनाच्या संदर्भात पुढे केला आहे.

होडी किती भार घेते याचा हिशेब

होडीचा भार मोजण्याची रीत सातवी इयत्ता शिकलेल्या मुलालाही करता येईल इतकी सोपी आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागाची वस्तू पाण्यात एक सेंटीमीटर खाली गेली म्हणजे ती दहा लिटर, म्हणजेच दहा किलो पाणी बाजूस सारते. म्हणून होडीचा पाण्याला टेकलेला भाग किती चौरस मीटर आहे हे काढून त्यास दहाने गुणावे. जो आकडा येईल तितक्या किलोंनी होडी एक सेंटीमीटर बुडते.

मध्यम आकाराची एक होडी उदाहरणादाखल घेऊ. लांबी ४.३ मीटर म्हणजे सुमारे १४ फूट, तळाची रुंदी १.२ मीटर, आणि काठाची तळापासून उंची ५० सें. मी. पुढील भाग निमुळता असल्यामुळे पाण्याला टेकणारे क्षेत्र सुमारे ४ चौरस मीटर धरावे. ही होडी दर ४० किलोंना एक सेंटीमीटर खाली जाईल. होडीचे स्वतःचे वजन बाक व फळ्यांसह १२० किलो, दोन माणसे १३० किलो, इंजिन व इंधन ४० किलो, भिजलेली जाळी ६० किलो आणि मासळी १५० किलो, असा एकूण ५०० किलोंचा भार झाला. होडी साडेबारा सेंटीमीटर पाण्यात बसेल आणि सुमारे ३७ सें. मी. काठ पाण्यावर मोकळा राहील.

आता या भागात सर्रास आढळणारी पत्र्याची लहान होडी घेऊ. लांबी ३.२ मीटर, रुंदी १ मीटर, काठाची उंची ३५ सें. मी., टेकणारे क्षेत्र २.६ चौरस मीटर. लोखंडी पत्र्यामुळे तिचे वजन लहान असूनही १३० किलो भरते. दोन माणसे १३०, जाळी ६०, मासळी १०० किलो, मिळून ४२० किलो. ही होडी १६ सें. मी. बुडेल आणि पाण्यावर फक्त १९ सें. मी. काठ उरेल. वीतभर देखील नाही.

हा जो पाण्यावर उरणारा मोकळा काठ, तोच होडी घेताना खरोखर विकत घेतला जातो. उजनीसारख्या उघड्या पाण्यात साधारण वाऱ्याने वीत-दीड वीत लाट उठते, आणि वळवाच्या वादळात ती हातभरही होते. वीतभर काठाच्या होडीत अशी एक लाट आत आली की काय होते, तेही याच हिशेबाने कळते. चार चौरस मीटरच्या होडीत पाच सेंटीमीटर पाणी साचले तर ते २०० लिटर, म्हणजे २०० किलो असते. तीन माणसे अवचित होडीत चढून बसावी तसे हे आहे. फरक इतकाच की माणसाला जागेवर बस म्हणून सांगता येते आणि पाण्याला येत नाही. होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला पाणी धावते व ती बाजू आणखी खाली नेते. होड्या बहुधा भाराने सरळ खाली जात नाहीत, त्या कलतात, पाणी घेतात आणि उलटतात. म्हणून कागदावरील बेरजेत आणखी दोन-चार माणसे मावतात असे दिसले, तरी मासेमारीच्या होडीतून प्रवासी नेऊ नयेत. माणूस उंच बसतो, हलतो, आणि घाबरला की एका बाजूला झुकतो. मासळीची टोपली यांपैकी काहीच करीत नाही.

शांत पाण्यात पूर्ण भाराने निदान ३० सें. मी. मोकळा काठ राहील, अशीच होडी उजनीच्या बाजूस घ्यावी. चिंचणीच्या जलाशयात किंवा बंधाऱ्याच्या पाण्यात २५ सें. मी. चालू शकेल.

रुंदीचे महत्त्व

लांबी वाढली की होडी अधिक भार घेते व वल्हवताना सरळ चालते. परंतु ती उलटू नये हे काम रुंदीचे आहे. स्थिरता रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एक मीटर रुंदीच्या होडीच्या जागी तितक्याच लांबीची १.२ मीटर रुंदीची होडी घेतली, तर रुंदी पंचमांशानेच वाढते, पण कलण्यास होणारा विरोध सुमारे पावणेदोन पट होतो. पत्र्याचा खर्च वाचविण्यासाठी रुंदीतून वीतभर कापून घेणारा गिऱ्हाईक आणि तसे कापून देणारा कारागीर, या दोघांनीही हा हिशेब एकदा करून पाहावा.

तळ सपाट असावा की निमुळता, याविषयी मतभेद आहेत. सपाट तळ उथळ पाण्यात व चिखलात सोयीचा असतो, आणि त्यावर माणूस उभा राहिला तरी होडी चटकन कलत नाही. मात्र समोरच्या लाटेवर तो आपटतो. या दोन तालुक्यांसाठी मधला व मागचा तळ सपाट, आणि पुढील तिसरा भाग पन्हळीसारखा निमुळता होत वर उचललेला, असा आकार सर्वांत उपयोगी आहे. समुद्रावरील होडीचा खोल कण्याचा आकार येथे आणण्यात काही लाभ नाही.

अ‍ॅल्युमिनियमच का?

गावोगाव ज्या धातूच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणतात तोच हा धातू. लोखंडाच्या मानाने याचे वजन जवळजवळ एक तृतीयांश असते. २ मि. मी. जाडीचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा सुमारे १५.७ किलो भरतो, तर अ‍ॅल्युमिनियमचा ५.४ किलो. मध्यम होडीस अदमासे १० चौरस मीटर पत्रा लागतो. म्हणजे नुसत्या पत्र्यात शंभर किलोंचा फरक पडला. तो फरक मोकळ्या काठात मिळतो, वल्ह्यावर कमी श्रमात मिळतो, आणि उन्हाळ्यात चिखलातून होडी ओढताना चार माणसांचे काम दोघांनी होते यातही मिळतो. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबेरा चढत नाही. गोड्या पाण्यात तो रंगाशिवायही टिकतो.

लाकडी होडी चांगल्या सुताराने बांधली व दरवर्षी डांबर लावून सांधे भरले, तर तिला नावे ठेवण्यासारखे काही नाही. परंतु पाणी उतरल्यावर ती उन्हात पडून राहिली की फळ्या आकसतात व सांधे उघडतात. फायबरची होडी हलकी व गुळगुळीत असते, आणि तिची लहान दुरुस्ती राळ व काचतंतूचे कापड लावून घरच्या घरी करता येते. तिचा दोष असा की दगडावर घासून वरचा थर गेला म्हणजे आत पाणी मुरते. थर्मोकोलचे तुकडे पोत्यात बांधून केलेले तराफे, ट्रकच्या चाकांच्या ट्यूब, गुळाची काहील यांवर बसून जाळे लावणारे लोकही पाहण्यात येतात. गरिबीने माणसास हे करावे लागते हे खरे, तथापि उघड्या जलाशयात ही साधने होडीची जागा घेऊ शकत नाहीत. वाळू काढण्यासाठी बनविलेल्या जाड लोखंडी बोटी तर मासेमारीस अगदीच अयोग्य आहेत. महसूल खात्याने अशा बोटी भीमेच्या पात्रात वेळोवेळी पकडून नष्ट केल्या आहेत, हे दौंड व शिरूरच्या लोकांस ठाऊक आहेच.

अ‍ॅल्युमिनियमचा सर्वांत मोठा अवगुण दुरुस्तीचा आहे. लोखंडाचा जोड गावातील कोणताही वेल्डर लावून देतो. अ‍ॅल्युमिनियमच्या जोडाला आर्गॉन वायूचे वेल्डिंग व तो सराव असलेला कारागीर लागतो. असा कारागीर आपल्या गावापासून किती दूर आहे, त्याची चौकशी होडी ठरविण्याच्या आधी करावी.

पत्रा आणि जोड

सर्वच अ‍ॅल्युमिनियम होडीच्या कामाचा नसतो. शेडच्या छपराचा पत्रा वापरून केलेली होडी दिसावयास चकचकीत असली तरी ती लवकर फाटते. मॅग्नेशियम मिसळलेला, ५०५२ किंवा ५०८३ या क्रमांकाचा पत्रा मागावा व बिलावर तो क्रमांक लिहून घ्यावा. जाडी गेजमध्ये न विचारता मिलिमीटरमध्ये विचारावी, कारण गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो व येथेच पुष्कळांची फसगत होते. बाजूंना २ मि. मी. व तळाला २.५ ते ३ मि. मी. पत्रा असावा. घोडेच्या खडकाळ पात्रासाठी तळाखाली लांबीच्या दिशेने दोन-तीन जाड पट्ट्या जोडून घ्याव्यात. घासावयाचे ते पट्ट्या घासतील व तळ वाचेल.

जोड रिव्हेटचा असो वा वेल्डिंगचा, दोन्ही चांगले असू शकतात. रिव्हेट कालांतराने सैल होऊन थेंब थेंब पाणी झिरपते, पण ते पुन्हा ठोकता येतात. वेल्डिंगचा जोड एकसंध असतो, पण चिरला तर कारागिराशिवाय इलाज नाही. लोखंडी अथवा पितळी बोल्ट मात्र या होडीत कोठेही वापरू नयेत. दोन निराळे धातू पाण्यात एकमेकांस टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ला जातो. गंजरहित पोलादाचे बोल्ट वापरावेत व त्यांच्याखाली रबराची वा प्लॅस्टिकची चकती घालावी.

आतील मांडणी

बाहेरदेशी, विशेषतः अमेरिकेतील तळ्यांवर, अ‍ॅल्युमिनियमच्या होड्यांचा मोठा प्रसार आहे. त्यांची चित्रे पाहून तशीच होडी बनवून घेण्याचा मोह होतो. त्या होड्यांत पुढे उंच चबुतरा असतो व त्यावर फिरती खुर्ची असते. ती मांडणी गळ टाकून हौसेने मासे धरणाऱ्या माणसासाठी आहे. जाळे ओढणाऱ्याला ती केवळ गैरसोयीची नव्हे तर धोक्याची आहे. जाळे ओढताना माणूस काठावर वाकतो आणि त्याचा सारा भार एका बाजूला येतो. तो जितका उंच उभा, तितकी होडी कलण्यास सोपी. सबब उभे राहण्याची जागा तळालगतच असावी.

दोन माणसांच्या मासेमारीत एकजण वल्हे धरतो व दुसरा जाळे सोडतो किंवा ओढतो. मांडणी या दोघांच्या हालचालींवरून ठरवावी. वल्हे मारणाऱ्याचा बाक मध्यापासून थोडा पुढे असावा. वल्ह्याच्या कड्या बाकाच्या मागील कडेपासून सुमारे ३० सें. मी. अंतरावर, होडीच्या मागच्या टोकाच्या दिशेस बसवाव्यात. मागील बाकाच्या पुढे दीड मीटरभर जागा पूर्ण मोकळी ठेवावी, हे जाळ्याचे अंगण. तेथे जाळे ओढणारा उभा राहील, ओढलेले जाळे त्याच्या पायांशी पडेल आणि मासळीची पेटी होडीच्या मध्यरेषेवर राहील. पेटी एका कडेला ठेवली तर होडी दिवसभर कललेली चालते. मासळी नुसत्या तळावर पसरून टाकण्याची सवयही मोडावी, कारण कललेल्या होडीत ती घसरत जाते.

जाळ्याच्या अंगणालगतच्या काठावर एकही खिळा, बोल्टचे टोक किंवा आकडा असता कामा नये. गिल जाळ्याचे बारीक धागे अशा टोकांत अडकून फाटतात. त्याहून वाईट म्हणजे अडकलेले जाळे सोडविण्यासाठी माणूस भरपाण्यात काठाबाहेर वाकतो. त्या बाजूच्या काठावर गोल नळी किंवा चिरलेला प्लॅस्टिकचा पाइप बसवावा. जाळे त्यावरून अलगद सरकते.

तळावर उचलता येतील अशा लाकडी फळ्या टाकाव्यात. वैशाखातील उन्हात तापलेल्या उघड्या पत्र्यावर अनवाणी पाय ज्याने ठेवला असेल, त्याला फळ्यांचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. याचे दुसरेही कारण आहे. पत्रा ढोलासारखा वाजतो, आणि उथळ पाण्यात त्या आवाजाने मासे बिचकतात. फळ्यांखाली जुन्या रबराचे तुकडे टाकल्यास आवाज थांबतो. पाणी फळ्यांखालून मागे वाहत येऊन एका जागी साचावे आणि तेथून ते उपसावे. उपसण्याचे भांडे होडीला दोरीने बांधलेले असावे. उलटलेल्या वेळी सुटे भांडे सर्वांआधी वाहून जाते.

नांगर व त्याचा दोर पुढील टोकाशी, स्वतंत्र खणात ठेवावा. वाऱ्यात होडी नांगरताना दोर नेहमी पुढील टोकासच बांधावा. मागील टोकास बांधलेली होडी लाटेला आपली सर्वांत बुटकी बाजू देते.

तरंगपेट्या

लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा बुडत नाही. अ‍ॅल्युमिनियमची होडी भरली की तळाशी जाते. हा फरक जर्मनच्या पातेल्यावरही पाहता येतो. म्हणून तरंगपेट्यांशिवाय ही होडी पाण्यात घालूच नये. कारागीर त्या वगळून किंमत कमी सांगतो व गिऱ्हाईकालाही ते बरे वाटते.

किती तरंगशक्ती हवी, त्याचा हिशेब असा. होडीतील १०० किलो अ‍ॅल्युमिनियमचे पाण्याखालील वजन सुमारे ६३ किलो राहते. ३० किलोंच्या इंजिनाचे २५ किलो धरावे. काठाला धरून राहिलेल्या दोन माणसांसाठी ३० किलो. एकूण ११८ किलो झाले. एक लिटर हवा जवळजवळ एक किलो भार तोलते, म्हणून १२० लिटरांनी भागेल. तथापि काही जागा गळेल, काही फुटेल हे गृहीत धरून २०० लिटरांची तजवीज करावी. बंद पेशींचा फोम मिळाल्यास उत्तम. थर्मोकोल स्वस्त असला तरी पेट्रोलने विरघळतो, म्हणून इंजिनाच्या होडीत तो उघडा वापरू नये. काहीच न जमल्यास २० लिटरांचे दहा प्लॅस्टिक कॅन घट्ट बूच लावून पट्ट्यांनी बांधावेत.

ही तरंगशक्ती कोठे बसवावी याला तितकेच महत्त्व आहे. ती तळाशी बसवली, तर भरलेली होडी उलटी होऊन तळ वर करते. दोन्ही बाजूंना काठाच्या लगत खाली, तसेच पुढील व मागील टोकांस उंचावर बसवली, तर भरलेली होडी सुलटीच तरंगते व माणसांना धरून राहता येते. बाहेरील बाजूने काठाभोवती झोळ देऊन एक दोर बांधून घ्यावा. ओल्या पत्र्याला हात टिकत नाही, दोराला टिकतो.

इंजिनाविषयी थोडेसे

मोठे इंजिन मासे अधिक पकडून देत नाही. इंजिनाचा व ते चालविणाऱ्याचा भार मागील टोकावर येऊन तेथला काठ खाली जातो, म्हणून इंधनाचा डबा पुढे ठेवावा. दौंडच्या वरच्या अंगास जलपर्णी पंख्यात गुंतून इंजिन बंद पडते. अशा वेळी इंजिन वर उचलून वल्ह्यांनी बाहेर पडावे लागते, म्हणून इंजिन असले तरी दोन वल्ही व एक बांबू होडीत असलाच पाहिजे. भरवाऱ्यात बंद इंजिनाची होडी लाटेला आडवी होते. पंखा मोकळा करण्यासाठी मागील टोकावर दोघांनी वाकू नये. एकाने वल्ह्याने तोंड वाऱ्याकडे धरावे आणि दुसऱ्याने काम करावे.

काठावरील प्रात्यक्षिक

होडीचे पैसे पूर्ण चुकते करण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्याने मच्छीमार संस्थेच्या सभासदांसमोर पुढील तीन परीक्षा काठावर करून दाखवाव्यात. यास अर्धा दिवस व वाळूची काही पोती एवढाच खर्च आहे.

पहिली परीक्षा भाराची. कमरेइतक्या शांत पाण्यात होडीत माणसे, आणि जाळी, मासळी व इंजिन यांच्या वजनाची पोती योग्य जागी ठेवावीत. होडी सर्व बाजूंनी समतल बसली पाहिजे. मोकळा काठ पट्टीने मोजावा व पाण्याच्या पातळीवर बाहेरून तांबड्या रंगाची रेघ ओढावी. ही भरणरेषा. पुढे रोजच्या कामात ती रेघ पाण्याखाली गेली की भार जास्त झाला, हे अक्षरओळख नसलेल्या माणसासही समजते.

दुसरी परीक्षा कलण्याची. तशाच भरलेल्या होडीत दोन्ही माणसांनी सावकाश एकाच काठाशी येऊन जाळे ओढण्याच्या बेताने उभे राहावे. कललेल्या बाजूचा काठ पाण्यापासून निदान एक वीत वर राहिला पाहिजे. यापेक्षा कमी राहिल्यास ती होडी उघड्या जलाशयासाठी घेऊ नये. कारागीर तळात दगड भरून ती स्थिर करण्याचा उपाय सुचवील, पण त्याने मोकळा काठ आणखी कमी होतो.

तिसरी परीक्षा बुडण्याची, आणि हीच सहसा कोणी करीत नाही. पोती व सामान काढून होडी मुद्दाम काठोकाठ पाण्याने भरावी. इंजिनाच्या जागी ४० किलो वाळूचे पोते बांधावे. वाळूचे वजन पाण्याखाली बरेच घटते, म्हणून इंजिनापेक्षा अधिक वाळू घ्यावी लागते. दोन माणसांनी बाहेरून दोर धरून लोंबावे. होडी सुलटी तरंगत राहिली व काठ दिसत राहिला तर तरंगपेट्या बरोबर आहेत. ती एका बाजूस वळली किंवा मागचे टोक तळाला गेले, तर पेट्यांची जागा बदलून परीक्षा पुन्हा घ्यावी. या परीक्षेत उतरणाऱ्या प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे, आणि ते पुढेही बाकाखाली न ठेवता अंगातच घालावयाचे असते हे त्याच वेळी सांगावे.

होडी व जाळी यांच्या खरेदीसाठी शासनाच्या अर्थसाहाय्याच्या योजना आहेत. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनाही सुरू झाली. कोणत्या आकाराच्या होडीस किती साहाय्य मिळते व कोणती कागदपत्रे लागतात, ते पुणे येथील मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून होडीची मागणी नोंदविण्याआधी जाणून घ्यावे. खरेदी झाल्यावर केलेली विचारपूस व्यर्थ जाते. इंजिन बसवावयाचे असल्यास परवान्याविषयीचे नियमही तेथेच विचारावेत.

निगा

या होडीला निगा थोडी लागते, पण ती चुकवू नये. भीमेच्या पाण्याबरोबर सांडपाणी व गाळ येतो. तो फळ्यांखाली साचून राहिल्यास त्याखालचा पत्रा टोचल्यासारखा झिजतो, म्हणून आठवड्यातून एकदा फळ्या काढून तळ धुवावा. होडीतून पोटॅशची किंवा इतर खतांची पोती, चुना, सिमेंट नेऊ नये. ही सर्व ओली झाली की अ‍ॅल्युमिनियमला लागतात. तांबे असलेला रंग तळाला लावू नये. पत्र्याला पोचा आला तर लाकडी हातोड्याने आतून हलके ठोकावे. चीर असल्यास तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडून ती पुढे जाण्यापासून थांबवावी व मग कारागिराकडे न्यावी.

मे महिन्यात दुपारी तीननंतर पश्चिमेस ढग काळे होऊ लागले, वारा एकदम पडला किंवा एकाएकी गार झाला, की लावलेले जाळे तसेच पाण्यात सोडून जवळच्या काठाला यावे. पावसाळ्यात दौंड येथील विसर्गाचे आकडे रोज जाहीर होतात. वरील धरणांतून पाणी सोडल्याचे कळताच होडी पाण्यातून काढून पुराच्या जुन्या खुणेच्या वर न्यावी, लाकडी ठोकळ्यांवर पालथी घालावी आणि दोन्ही टोके झाडाला बांधावीत. अ‍ॅल्युमिनियमची होडी हलकी असल्यामुळे न बांधलेली होडी वारासुद्धा उडवून नेतो.